मिश्या काढलेली प्रत

टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये जुनी कॉमिक्स जमवणारे रविवारी भेटतात असं कळलं, म्हणून लहानपणची पिशवीभर कॉमिक्स घेऊन मी डोंबिवलीहून गेलेलो. तिथे प्रतींना ग्रेड देणारे एक साठीचे गृहस्थ बसले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

ते आधी रुमालाला हात पुसायचे, मग प्रत नाकाशी धरून वास घ्यायचे. पिनांवरचा गंज, दुमडलेला कोपरा, काहीच त्यांच्या नजरेतून सुटत नव्हतं. "बी. सी. ही पण सी," असं पुटपुटत ते एकेक प्रत प्लास्टिकच्या कव्हरात सरकवत होते. ए म्हणजे कोरी करकरीत. तशी माझ्याकडे एकही नव्हती.

एका प्रतीवर ते थांबले. आत राजकन्येपासून घोड्यापर्यंत सगळ्यांना निळ्या पेनाने मिश्या काढलेल्या होत्या.

"ही बाद. कुणाचे प्रताप हे?"

"धाकट्या बहिणीचे. अजून आठवलं की हसत सुटते."

ते हसले नाहीत. "माझ्याकडे कपाटभर ए ग्रेड आहेत. मुलाला कधी हात लावू दिला नाही. परवा म्हटलं, घे, आता हे सगळं तुझं. तर म्हणाला, बाबा, तुमचं तुम्हालाच राहू द्या. मी त्यातलं एकही वाचलेलं नाही."

मग शेवटच्या पानापर्यंत त्यांनी एकेक मिशी पाहिली. सवयीने प्रत कव्हरात सरकवली, अर्ध्यावर थांबले, बाहेर काढली आणि तशीच माझ्या हातात दिली.

"हिला कव्हर नको," ते म्हणाले.