सौद्यात गेलेला जावई

मी चौतीस वर्षांचा असताना मला धुळ्याला देऊन टाकलं. दत्तक नव्हे, बदलीही नव्हे. आमच्या सावद्याच्या बास्केटबॉल संघाने मला धुळ्याच्या संघाला दिलं आणि त्या बदल्यात एक उंच पोरगं घेतलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, देशात बरंच काही घडत होतं म्हणतात, पण माझ्या आयुष्यात तेव्हा एवढंच घडलं आणि मला ते पुष्कळ झालं.

केळीच्या गावात बास्केटबॉल कुठून आला, असं पाहुणे नेहमी विचारतात. बाहेरगावाहून आलेल्या एका कसरत मास्तरांनी तो आणला. नानांच्या आवारात, जिथे केळीचे घड मोजून ट्रकमध्ये भरत, तिथे त्यांनी दोन खांब रोवले. रिंग लोहाराकडून करून घेतली. लोहाराने आयुष्यात बास्केटबॉल पाहिला नव्हता, त्याने अंदाजाने कडं वाकवलं आणि ते खऱ्या रिंगपेक्षा चांगलं ऐसपैस झालं. मास्तरांची बदली झाली, कडं राहिलं. त्यामुळे घरच्या मैदानावर आम्हाला कुणी हरवू शकत नसे आणि बाहेर गेलो की आमचा प्रत्येक चेंडू रिंगच्या काठावर आपटून परत येई. जळगाव म्हणा, धुळं म्हणा, सगळीकडे आम्ही शेवटून पहिले.

जागा नानांची, चेंडू नानांचा, म्हणून अध्यक्षही नानाच. केळीचे मोठे बागायतदार, आवाज तिसऱ्या शेतात जाणारा, आणि खेळाचे नियम अजिबात ठाऊक नसलेले. मी फळबाग सोसायटीत कारकून होतो आणि संघात सगळ्यात जुना. पंधराव्या वर्षापासून त्याच कड्याखाली खेळत आलेलो. माझी इच्छा फार मोठी नव्हती. गुडघे जोवर साथ देतात तोवर तिथेच खेळायचं आणि एक दिवस तिथेच, आपल्या माणसांत, बूट काढून ठेवायचे. बस्स.

पण त्या वर्षी नानांचा भाचा अमेरिकेहून महिनाभरासाठी आला आणि माझं नशीब फिरलं. एके दिवशी भरीत-भाकरीची पंगत बसली होती. भाचा म्हणाला, तिकडे हरणाऱ्या संघाला नव्या पोरांतलं पोरगं आधी निवडायला मिळतं. म्हणून काही संघ आपले मुरलेले खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकतात, निवडीचे हक्क गोळा करतात, आणि पोरांवर नवा संघ उभा करतात. नानांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे पिलबाग!" नाना ओरडले. "अरे, हे तं आपलं रोजचं काम हाये!"

केळीचा घड उतरवला की त्या झाडाचं काम संपतं. त्याच्या बुडाशी फुटलेलं पील वाढवायचं, त्यावर पुढचं पीक घ्यायचं, ती पिलबाग. फक्त एक गोष्ट आहे, आणि ती सावद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. घड उतरवला तरी जुनं खोड लगेच बुडापासून तोडत नाहीत. बरंचसं उभं ठेवतात, त्यातला रस पिलाला मिळतो, ते हळूहळू वाळतं. नाना हे जन्मभर करत आले होते. पण केळीत शहाणा असलेला माणूस माणसांत शहाणा असेलच असं नाही. त्यांनी संघातले आम्ही तीन जुने खेळाडू एका आठवड्यात बुडापासून तोडले. एक बोदवडला गेला, एक रावेरला, आणि मी धुळ्याला.

धुळ्याला दरवर्षी मे महिन्यात पोरांचं शिबिर भरे. शिबिर संपलं की आसपासच्या चार संघांनी आळीपाळीने एकेक पोरगं निवडायचं, अशी रीत. शिबिर धुळ्याचं, म्हणून पहिला मान धुळ्याचा. नानांना तो पहिला मान हवा होता, कारण त्या वर्षी शिबिरात एक पोरगं आलं होतं जे उभं राहिलं की मंडपाच्या झालरीला डोकं लागे. ते मिळवायला नाना मला सोबत घेऊन गेले. मला वाटलं, सल्ल्याला नेताहेत.

धुळ्याच्या संघाचे कर्ते म्हणजे एक आबा, कापसाचे व्यापारी, मान किंचित तिरपी ठेवून बोलणारे. नानांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आबांच्या हातावर टाकलं. बैलबाजारात जसा सौदा करतात तसा. उपरण्याखाली बोटं दाबायची, वर तोंडाने एक अक्षर बोलायचं नाही, बाजूला उभ्या माणसाला काही कळता कामा नये. बाजूला उभा माणूस मी होतो. बैलही मीच होतो. मधेच आबांनी हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हणा, जरा बसी-उठी दाखाडा ना."

मला पाव्हणा म्हणायचं कारण असं की धुळं माझी सासुरवाडी. सगळं गाव मला जावई म्हणून ओळखत होतं. मी बाकावर बसलो, उठलो. उठताना उजवा गुडघा खाडकन वाजला. आबांनी नानांकडे पाहिलं.

"तो बाकाचा आवाज हाये," नाना म्हणाले.

पुन्हा उपरण्याखाली बरीच चुळबुळ झाली. मग आबांनी हात बाहेर काढला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आते तुम्ही आमना शेतस!" म्हणजे आता मी त्यांचा झालो. मला इतका राग आला की परतीच्या गाडीत मी नानांना सोडून मागच्या बाकावर जाऊन बसलो. नुसता दिला म्हणून नव्हे. मला एकट्याला पहिल्या मानावर तोललं, की माझ्यावर आणखी काही घालावं लागलं, हे मला कळायलाच हवं होतं. नानांना विचारलं तर ते म्हणाले, उपरण्याखालचं वर आणत नसतात. घरी येऊन सांगितलं तर बायको दारातच हसायला लागली. "अहो, तुमचं माहेर नि सासर एकच झालं म्हणायचं," ती म्हणाली. तिला आनंद झाला होता. दर शनिवारी नवरा तिच्या आईच्या हातचं जेवणार, खर्च वाचणार.

मग ते सुरू झालं. शनिवारी दुपारी सोसायटीतून सुटून एसटी धरायची, धुळ्याला उतरायचं, रविवारी खेळायचं, रात्री परत. मुक्काम सासुरवाडीला. पहिल्या शनिवारी सासूबाईंनी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, सासरे स्वतः पाट मांडायला उठले, मेहुण्याने पायावर पाणी घातलं. दुसऱ्या शनिवारी श्रीखंड होतं, बाजारातलं. नंतर साधा वरणभात. जावई वर्षातून दोनदा येतो म्हणून जावई असतो, दर आठवड्याला येणारा माणूस घरातलाच होतो, आणि घरातला माणूस म्हणून मी पुढे फार प्रगती केली. दिवाळीच्या सुमारास मला खिचडी मिळू लागली. खिचडीला माझी ना नव्हती, पण आधी मेहुणा मला पिठाच्या गिरणीवर धाडत असे. एकदा सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आलात का? मोटर चालू करा, टाकी भरायची आहे." मी ही सगळी कर्मकहाणी सावद्याला येऊन पारावर सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. नाना हसायचे नाहीत, उठून जायचे.

खेळाचं म्हणाल तर धुळ्याचं मैदान झकास, रिंग मापाची, आणि मापाच्या रिंगमध्ये माझा चेंडू जात नव्हता. आबा सुरुवातीला म्हणत, पाव्हणा अजून रुळला नाही. नंतर बाकाकडे बोट दाखवू लागले. मी बाकावर बसू लागलो. परतीसाठी रविवारी स्टँडवर उभा राहिलो की सावद्यावरून जाणारी रावेरची गाडी दिसताच मी वयाला न शोभेल असा तिच्याकडे धावत सुटायचो.

तिकडे सावद्यात त्या उंच पोराचंही तसंच चाललेलं. ते नानांच्याच घरी राही. नानांच्या घरच्या अक्का त्याला दूध-केळी, केळी-पोळी, केळीची भाजी असं सगळं प्रेमाने घालत. पोरगं खाई, मान हलवी, आणि रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन धुळ्याची गाडी लागलेली बघून येई. त्याचं गाव धुळ्याच्या अलीकडचं. संघाची गत तर विचारू नका. सगळी पोरं नवी, पळायला चपळ, पण कुठे उभं राहायचं ते सांगणारं कुणी नाही. ज्यांनी सांगायचं ते आम्ही तिघं तीन गावांत. नाना कडेला उभं राहून ओरडायचे, "अरे, टाक की त्यात!" त्यापुढे त्यांचं मार्गदर्शन जात नसे.

हिवाळ्यात धुळ्याला सामने भरले आणि सावदा विरुद्ध धुळे असा दिवस उजाडला. सासरे, मेहुणा, सगळी आळी बघायला आलेली. आबांचा एक खेळाडू पाय मुरगळून बसला म्हणून शेवटी मला उतरवलं. मला नेमकं त्या उंच पोराला अडवायचं होतं. मी त्याच्यासमोर हात पसरून उभा. पोरगं घाबरून घामाघूम झालेलं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग अगदी हळू आवाजात मलाच विचारलं.

"भाऊ, मी कथा उभा ऱ्हाऊ?"

आता मला सांगा, कुठे उभं राहायचं हेच ज्याने वीस वर्षं नव्या पोरांना सांगितलं, तो काय करणार? समोर आपल्या गावचा शर्ट. मी विचारच केला नाही. "डावीकडे सरक," मी म्हणालो. "पाठ माझ्याकडे. हात वर ठेव." तो सरकला, चेंडू आला, त्याने टाकला, गेला. मी टाळी वाजवली. पुढच्या वेळी त्याने विचारलंही नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच दाखवलं. मग दुसरं पोरगं आलं, "अन् मी, भाऊ?" थोड्या वेळात सावद्याचा अख्खा संघ मला विचारून खेळत होता आणि मी धुळ्याच्या शर्टात त्यांना खेळवत होतो. पंचांनी नियमाचं पुस्तक चाळून पाहिलं, पण अशा माणसाला काय शिक्षा करायची ते त्यात नव्हतं.

धुळं हरलं. सावदा बाहेरगावी जिंकलं, हे आम्हा कुणाच्याच आठवणीत पूर्वी घडलेलं नव्हतं. आबा तरातरा मैदानात आले, मान प्रथमच सरळ झालेली.

"काय चाली ऱ्हायनं हाई?" ते माझ्यावर ओरडले, आणि मग नानांकडे वळून सगळ्या गावासमोर म्हणाले, "नाना, हाऊ पाव्हणा लई जा तुमना. फुकट लई जा!"

फुकट घेऊन जा, म्हणे. माझी किंमत काय, हे मला इतके महिने जाणून घ्यायचं होतं ते असं उघड्यावर कळलं. सासऱ्यांनी पेपर नसताना पेपर वाचत असल्यासारखी मान खाली घातली. मेहुणा आकाश बघत होता. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं मला वाटलं. घरी जायला मिळणार होतं, पण असं नको होतं.

नाना सावकाश पुढे आले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि आबांच्या हातावर टाकलं. "फुकट नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमचा मानूस हाये. सौदा होईन."

गर्दी जवळ सरकली. उपरण्याखाली बोटं हलायला लागली. आबांचा चेहरा आधी रागीट होता, मग गोंधळलेला, मग ते नानांच्या तोंडाकडे असे बघू लागले की याला ताप तर नाही ना. त्यांनी दोनदा मानेने नको म्हटलं. नानांनी हात सोडला नाही. शेवटी आबांनी हात बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच आदराने नमस्कार केला. लोकांत कुजबुज सुरू झाली, मोठा सौदा झाला म्हणून. सासरे उठून आले, माझी पिशवी त्यांनी स्वतः टेम्पोपर्यंत आणली.

केळीच्या रिकाम्या टेम्पोत आम्ही सगळे चढलो. पोरं गाणी म्हणत होती. टेम्पो गावाबाहेर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, उंच पोरगं कुठे दिसेना. मी नानांना सांगितलं, थांबवा, एक राहिलं मागे.

"राह्यलं नाही," नाना म्हणाले. "ठेवलं."

मला क्षणभर समजेचना. मग समजलं आणि मी किंचाळलोच. ज्याच्यासाठी इतके महिने हा सगळा उपद्व्याप केला, तो पहिल्या मानाचा पोरगा यांनी देऊन टाकला, आणि तेही जे फुकट मिळत होतं त्यासाठी! केळीच्या सौद्यात नाना कधी कुणाला चार केळी जास्त देत नसत.

"पोराचंही ध्यान घरीच होतं," नाना बाहेर बघत म्हणाले. "जाऊ दे."

"पण नाना, काब्रं? आबा तर तसाच देत होते मला!"

नानांनी उपरण्याची नीट घडी घातली. "सासऱ्याच्या गावातून तुले फुकट उचलून आनला असता," ते म्हणाले, "तं पुढल्या खेपेले त्यानं तुले खिचडी तरी वाढली असती का?"

मला रडू फुटलं. पोरं बघायला लागली म्हणून मी म्हणालो, गुडघा दुखतोय. नानांनी गुडघ्याकडे पाहिलं आणि उपरणं माझ्या हातात दिलं.

"सकाळी लवकर ये," ते म्हणाले. "पोरं कड्याखाली थांबतीन."