कपाटामागचा डाग

भिंत माझ्या बाजूला पडली नाही. ती पलीकडे, शेजारच्या इंदूच्या खोलीत पडली आणि भिंतीला टेकवलेलं माझं लोखंडी कपाटही तिच्याबरोबर पलीकडे गेलं. सकाळचे दहा वाजले असतील. मी मोरीत भांडी घासत होते. धूळ खाली बसली तेव्हा माझ्या खोलीतून इंदूची खिडकी दिसत होती, आणि खिडकीतून रस्ता. इंदू दिसत नव्हती. त्या वेळी ती रोज भिंतीला पाठ लावून मासे साफ करायला बसायची. मी तीन-चार हाका मारल्या. मग गॅलरीतून माणसं धावत आली.

तिला न्यायला गाडी आली तेव्हा उपयोग नव्हता. दुपारी पोलीस म्हणाले, अख्खी चाळ रिकामी करा, अर्ध्या तासात. मी दोन लुगडी, औषधं आणि शास्त्राचं पुस्तक, म्हणजे बायबल, पिशवीत घातलं. असं मी दुसऱ्यांदा घर सोडलं. पहिल्यांदा नगरकडच्या गावाहून लग्न होऊन परळला आले, तेव्हा आई म्हणाली होती, "रडायचं ते इथंच रडून घे. तिकडं ऐकायला कोणी नसंल." आई चुकली होती. चाळीत ऐकायला माणसं होती, आणि सगळ्यात जवळ इंदू. मध्ये एका विटेची भिंत. मी खोकले तर ती पलीकडून विचारायची, "मार्थाबाय, काढो करू काय गो?"

आता चाळीतले आपण सगळे, ज्यांना मी हे लिहितेय, विरार, बदलापूर, कणकवली असे पांगलो आहोत. मी सहा वर्षं ट्रान्झिट कॅम्पमध्ये काढली, आता लोअर परळच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला माहीत नाही. वॉचमन इंटरकॉमवर बोलतो, तेवढाच आवाज. यजमान चाळीतच वारले, मूलबाळ नाही. माझ्याकडे येणारा एकच माणूस होता, इंदूचा मुलगा प्रकाश. विरारहून महिन्यातून एकदा यायचा. त्याची मुलं मला आजी म्हणायची.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. गिरगावात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायकांची सभा असते. पाळक तरुण आहेत. मोशेचे नियम वाचायला घेतले की बायका कंटाळतात. हे खाऊ नका, ते शिवू नका, दोन सुतांचं कापड नेसू नका. पाळक म्हणतात, ते नियम इस्राएल लोकांना होते, ख्रिस्तात पूर्ण झाले, पाहिजे तर घरी वाचा. मी घरी वाचलं. माझी इयत्ता चौथी, ओळीवर बोट ठेवून वाचावं लागतं, म्हणून मला काही गाळता येत नाही.

तिथे घराच्या भिंतीला रोग होतो त्याचा नियम आहे. सभेत सांगितलं तर बायका हसल्या. एक म्हणाली, "मार्थाबाई, आता भिंतीलापण गोळ्या द्यायच्या का?" मी हसले नाही. नियम असा आहे. भिंतीवर डाग दिसला तर घरवाल्याने स्वतः याजकाकडे, म्हणजे त्यांच्या पुरोहिताकडे, जाऊन सांगायचं, माझ्या घरात काहीतरी दिसतंय. मग याजक येतो, पण त्याआधी तो सामान बाहेर काढायला लावतो. तो आत येऊन घर अशुद्ध ठरवेपर्यंत भांडीकुंडी सुटलेली असतात. मग घर सात दिवस बंद. डाग पसरला तर तेवढे दगड काढायचे, गिलावा खरवडायचा, नवे बसवायचे. तरीही परत आला, तरच घर पाडायचं.

मी ते सामानाचं पुन्हा पुन्हा वाचलं. ज्याने हा नियम केला त्याला गरिबाचं मन ठाऊक होतं. आपली भांडी जातील या भीतीने माणूस डाग लपवतो. म्हणून आधी भांडी वाचवा, मग तो खरं बोलेल. आमच्याकडे उलटं होतं. धोकादायक म्हणून चिठ्ठी लागली की आधी माणूस बाहेर, सामानाचं नंतर बघू.

पण मी दोष सरकारी माणसांवर ढकलणार नाही. डाग माझ्या बाजूला होता.

ताटाएवढा काळा डाग, इंदूकडच्या भिंतीवर, मोरीच्या अंगाला. पावसाळ्यानंतरही वाळला नाही. बोट लावलं तर चुना नाही, वीट भुगा होऊन यायची. चाळ तपासायला माणसं येणार असं कळलं. खोली धोकादायक ठरली तर मला एकटीला कुठेतरी लांब नेऊन टाकतील, ही माझी भीती. मी कपाट तिथे सरकवायला घेतलं. जड होतं, म्हणून इंदूला हाक मारली.

"ह्यां कपाट मोरीकडे कित्याक गो?" ती म्हणाली. "आणि तुझो देव पाण्यावर चलता मा? मग तेकाच सांग ढकलूक."

"तो कामात आहे. तू ढकल."

ढकलताना तिला डाग दिसला. "भिंतीक काय झाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "सादळलीय."

तिने मान डोलावली. तपासणारे आले, कपाट बघून गेले. नंतर चौदाव्या दिवशी भिंत पडली.

सगळे म्हणाले, जुनी चाळ होती, कोणाचा दोष नाही. प्रकाशही तेच म्हणायचा. मी गप्प राहून त्याचं येणं ठेवून घेतलं. नियम म्हणतो, घरवाल्याने जाऊन सांगायचं. बाकीचं मला नाही कळत, तेवढं कळतं.

गेल्या महिन्यात प्रकाश गावाहून कोकमाची सोलं घेऊन आला. मी चहा ठेवला आणि त्याला डागाचं सांगितलं.

त्याने विचारलं, "आईक माहीत होता?"

"तिने विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

"मगे आता कित्याक सांगतंस? गप ऱ्हवली असतंस तर माका काय कळला असता?"

"म्हणूनच सांगितलं."

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मावशी, मी तुका आईच्या जाग्यार ठेवलंय गो." उठला. लिफ्ट येईपर्यंत पाठमोरा उभा होता. मी दारातून हाक मारली नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही. या महिन्यात आला नाही.

सभेत विचारतात, या जुन्या नियमांचा आपल्याला काय उपयोग? सांगितल्याने मन हलकं होतं असं कोणाला वाटत असेल तर होत नाही. मला एक माणूस होता, आता नाही. पण प्रकाशने ते माझ्या तोंडून ऐकलं, आणि तुम्हीही माझ्याकडूनच ऐका. घर म्हणाल तर या बाराव्या मजल्यावर माझं सामान आहे. घर म्हणजे जिथे भिंतीपलीकडून कोणी विचारतं, ते होतं, आणि ते मी घालवलं.

इंदू अठ्ठावन्न वर्षांची होती. मी तेव्हा सत्तरची होते, त्याच भिंतीपासून चार हातांवर. मला खरचटलंसुद्धा नाही.