भिवराबाईने विचारलं होतं

कामठ्याजवळच्या आमच्या गावात भिवराबाई सुईण होती. बाळंतिणीच्या घरात शिरली की आधी ती पुरुषांना बाहेर काढी. सासरा असो, नवरा असो, खुद्द गावचा जमीनदार, मालगुजार असो. "तुमी भायेर बसा," म्हणे आणि दार लावून घेई.

माझ्या बायकोला, पार्बताला, चौथ्यांदा दिवस गेले. तिसऱ्या खेपेला तिला झटके आले होते, दोन दिवस शुद्ध नव्हती. "पुन्हा झालं तं बाई वाचत नाही," असे भिवराबाईने तेव्हाच बजावले होते. पण तिन्ही मुलीच. माझ्या वडिलांना, बाबूजींना, नातू हवा होता. मलाही मुलगा हवा होता, खोटे कशाला सांगू?

गर्भ ठेवायचा का, हे पार्बताला विचारायला भिवराबाई एका दुपारी आली. मी दारात आडवा उभा राहिलो. "मावशी, लेकरू माझंही हाय. मालेही विचार."

ती थांबली. "सांग मंग. तुले का वाटते?"

मी दाराची चौकट धरून उभाच.

"सरक आता. झटके तिले येतेत, तुले नाही."

ओसरीवर बसून मी दाराकडे कान लावला. आतले काही ऐकू येईना. बैल पाण्यावाचून हंबरत होते, तरी उठवेना. अखेर ती बाहेर आली. "नाही म्हणते. तीन पोरींले माय पायजे म्हणते. तुले मंजूर हाय का?"

मी होकाराची मान हलवली.

तिने औषध दिले. गर्भ पडला आणि पार्बताला ताप भरला. तीन दिवस भिवराबाई अंथरुणापासून हलली नाही. मी सारखा विचारी, "वाचल ना?"

"माले का माहीत? पाणी आण."

खोटा धीर तिने एकदाही दिला नाही. चौथ्या दिवशी पार्बताने पेज मागितली.

बाबूजींना कळले, तसे ते मालगुजाराकडे गेले. पंच बसले. "औषध म्याच देल्लं," भिवराबाई म्हणाली. "नाही देल्लं असतं तं बाई मेली असती."

"घरच्या माणसाले विचारलं होतं का?"

"विचारलं होतं. हा समोरच बसला हाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बाबूजीही. मी जमिनीकडे बघत राहिलो.

भिवराबाईला यापुढे कोणी बाळंतपणाला बोलावू नये असे ठरले. आठवड्याभरात ती अर्जुनी मोरगावला बहिणीकडे निघून गेली. जाताना आमच्या दारी थांबली. "जड उचलू नोको अजून," असे पार्बताला म्हणाली. माझ्याशी बोलली नाही.

पाच-सहा वर्षांनी ती वारल्याचे कळले. त्या दिवशी पार्बता जेवली नाही. मला तिने तेव्हा पहिल्यांदाच विचारले, "पंचात तुमी काही म्हणलं होतं का?"

"काही नाही."

तिने पदर खोचला. मग पोरींना वाढायला उठली.