एडक्याच्या जागी कोण

कत्तलखान्यात सगळे त्यांना काका म्हणत आणि त्यांच्या मेंढ्याला पुढारी. काकांचं काम मारण्याचं नव्हतं, नेण्याचं होतं. ट्रकमधून उतरलेली मेंढरं कोंडवाड्यातून सिमेंटच्या अरुंद गल्लीत शिरत आणि गल्ली आतल्या दाराशी संपे. त्या दारातून येणारा वास मेंढराला कळतो. एकटं ते तिकडे पाऊल टाकत नाही. पण पुढे आपल्यातलाच कोणी चालत असेल, तर मुकाट मागे जातं. म्हणून पुढारी. दाराच्या जरा अलीकडे बाजूच्या भिंतीत एक लहान फाटक होतं. काका ते उघडत, पुढारी बाहेर येई, काका त्याला पावाचा तुकडा देत आणि फाटक लावून घेत. मागची मेंढरं सरळ जात.

"निवडणुकीला उभा करा याला," कातडी सोलणारे म्हणत. "मागच्यांना खड्ड्यात घालून स्वतः नामानिराळा. आणखी काय लागतं?"

काकाही हसत. पुढाऱ्याची आई अशाच एका ट्रकमधून गाभण आली होती. व्याल्यावर ती आत गेली, पिल्लू काकांनी बाटलीच्या दुधावर वाढवलं. तेव्हापासून तो काकांच्या मागे चाले आणि बाकीची त्याच्या.

रविवारी काका देवळात शेवटच्या बाकावर बसत. कितीही साबण लावला तरी अंगाचा वास जात नसे. पाळक येशूला 'जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा' म्हणत, काका इतरांबरोबर मान लववत. त्या कोकऱ्याचा आणि आपल्या कामाचा काही संबंध असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मग मुकादमाने सांगितलं, येता आठवडा संपला की सोमवारपासून सरकता पट्टा सुरू. "मेंढरं उभ्या उभ्या आत जातील. पुढाऱ्याचं काम संपलं. शनिवारी शेवटच्या कळपाबरोबर तोही."

"तोही म्हणजे?"

"काय काका, जन्म गेला इथे आणि मलाच विचारता?"

घरी बायको म्हणाली, "तिसरा मजला, दोन खोल्या. ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर?" तिचे गुडघे गेले होते, जिना चढताना ती स्वतःलाच ओढून आणत असे. पण शिळा पाव तिने नेहमीसारखा वेगळा काढून ठेवला.

मधल्या रविवारी नेमका बायबलातला अब्राहामाचा धडा आला. देवाच्या सांगण्यावरून मुलावर सुरी उगारलेली, देवदूताची हाक, झुडपात शिंगं अडकलेला एडका, मेंढाच तो. भक्तीची सभा संपल्यावर काका पाळकांपाशी थांबले.

"पाळकसाहेब, मुलाच्या जागी एडका मेला. एडक्याच्या जागी कोण?"

"शेवटी देवाने स्वतःचा पुत्र दिला, काका. त्यानंतर आणखी बळी नको, असं लिहिलं आहे."

"आमच्याकडे रोज ट्रक येतो."

देवळाच्या आवारात मेंढा ठेवता येईल का, हे पाळकांनी मंडळींना विचारून पाहिलं. मुलं खेळतात, शिंगं मोठी आहेत, असं मंडळींचं म्हणणं पडलं. ते खोटं नव्हतं.

शनिवारी मुकादमाने फाटकाला कुलूप घातलं. पुढारी नेहमीच्या चालीने कळप घेऊन आला, फाटकापाशी थांबला आणि कपाळाने ते ढकलू लागला. उघडेना, तेव्हा नुसता उभा राहिला. मागे गल्ली तुंबली. दोघांनी त्याला रेटून पाहिलं. तो जागचा हलला नाही. दारापलीकडे काय आहे, हे त्या कळपात त्याच्या एकट्याच्याच माहितीचं होतं.

"काका, तुमच्याशिवाय तो यायचा नाही," मुकादम म्हणाला. आवाजात हुकूम नव्हता. "किती खोळंबायचं?"

काका फाटकाबाहेर पाव हातात घेऊन उभे होते. ते वळसा घालून आत गेले आणि आतल्या दारात, वाहत्या मोरीपाशी, उभे राहिले.

"ये रे," ते म्हणाले.

तो आला. त्याच्यामागे सगळी आली.

वधायला नेलेलं कोकरू तोंड उघडत नाही, असं पवित्र शास्त्रात आहे. पुढाऱ्याने उघडलं, पावासाठी. तो चावून संपेपर्यंत सोलणारे थांबले. त्या दिवशी कुणी निवडणुकीचं नाव काढलं नाही. मग काका कामगारांच्या दाराने बाहेर पडले. त्या दाराला कुलूप नव्हतं. ढकललं की ते उघडत असे.