कुणी, कुणाला, किती वेळा

सगळे तिला चिमटा म्हणायचे, कारण एकदा धरलेली गोष्ट ती सोडत नसे. रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ती घड्या घालायची. शेजारच्या गरम रोलरवर तिची सख्खी ताई असायची. काम भरभर उरकावं म्हणून मुकादमाने हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली रोलरची जाळी काढून ठेवली होती. एके सकाळी चादरीबरोबर ताईची दोन बोटं आत गेली.

मुकादमाने अपघात दडपला. ताईने मग कारखान्याच्या ॲपवरून नर्सबाईंना सगळं कळवलं. तिथले निरोप कुलूपबंद असायचे, तिसऱ्या कुणाला वाचता येत नसत, संध्याकाळी आपोआप पुसलेही जायचे. नर्सबाईंनी सरकारी निरीक्षकाला बोलावलं, तर तो कळवून आला, आणि तो येण्याआधी जाळी जागेवर! तो गेला, जाळी निघाली आणि ताई व नर्सबाई दोघींना घरचा रस्ता दाखवला.

"आम्ही काय लिहिलं ते तुम्हाला कसं कळलं?" ताईने विचारलं.

"वाचायला कशाला हवं?" मॅनेजरने कागद पुढे सरकवला. "कुणी, कुणाला, किती वेळा, एवढ्याची नोंद राहते. तीन दिवसांत नर्सला तुझे अकरा निरोप, चौथ्या दिवशी निरीक्षक दारात. पाकीट फोडावंच लागलं नाही."

"शहाणपण नडलं, बाई," मागून मुकादम दात काढत म्हणाला.

बोटं गेल्यापासून ताईची वेणी चिमटा घालायची. आता वेणी घालताना ती नुसते दातओठ खायची.

कारखान्यात नवी नर्स आली, पण तिला निरोप पाठवायला कुणी धजेना. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत चिमटाने त्रेचाळीस बायकांना जवळ बसवलं.

"एकटीने निरोप पाठवला की ती उठून दिसते. सगळ्यांनी सगळ्यांना पाठवले तर? दर तासाला, घंटा झाली की लगेच. नर्सलासुद्धा. सगळे निरोप एकाच मापाचे, दहा शब्दांचे. कुणाला खरंच काही सांगायचं असेल तर त्यातच सांगा."

"बोटं दुखतील गं!" एक जण म्हणाली.

"ज्यांना बोटं आहेत त्यांनीच पाठवा," चिमटा म्हणाली.

बायकांनी आपापले फोन बाहेर काढले.

"आणि मुकादमाला दरवेळी दोन जास्त," तिने हळूच जोडलं. "साबण कुठला, गाडी कधी, काहीही विचारा."

मुकादमाला वाटलं, आपला भाव वधारला. तो प्रत्येकीला इमानेइतबारे उत्तर देऊ लागला.

महिन्याभरात पाच खऱ्या तक्रारी त्या गर्दीतून नर्सपर्यंत पोचल्या. तिने बोलावलेला निरीक्षक या वेळी न कळवता आला. जाळी कोपऱ्यात धूळ खात पडलेली. त्याने रोलरला सील ठोकलं आणि सगळ्यांसमोर मॅनेजरला उभं-आडवं घेतलं.

मॅनेजरने नोंदी उघडल्या. सगळीकडे सारखेच आकडे. फक्त मुकादमाच्या नावापुढे डोंगर! "म्हणजे आतली बातमी बाहेर पुरवणारा तूच!"

"आईशप्पथ साहेब, त्या साबणाचं विचारत होत्या!"

"दिवसातून शेकडो वेळा साबण? दाखव बरं एक तरी निरोप!"

दाखवणार कुठून? सगळे कधीच पुसले गेले होते.

नोकरी गेलेला मुकादम डबा काखेत मारून निघताना घडीच्या टेबलापाशी थांबला. "तुला तरी ठाऊक आहे, मी कुणाला काही कळवलं नाही."

"ठाऊक आहे ना," चिमटा म्हणाली. "तेच तर तुमचं चुकलं." आणि तिने पुढची चादर झटकली, अशी की तिचं टोक त्याच्या तोंडावरून गेलं.

घरी तिने सगळं रंगवून सांगितलं. ताई आधी पोट धरून हसली, मग थबकली. "त्याच्या बायकोचं काय गं आता?"

"त्याने तुझं विचारलं होतं?"

ताईने ताटं मांडली. तिची नोकरी काही परत मिळाली नाही. पण रोलरला जाळी कायमची बसली, बोल्ट ठोकून. आणि चिमटाला कित्येक महिन्यांनी भूक लागली. तिने दोनदा वाढून घेतलं.