भावजींचं फुकटचं पुस्तक

आमचे धाकटे भावजी पूर्णपणे समजले असा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मिळून अजून सापडलेला नाही, आणि इतकी वर्षं त्यांना दोन्ही वेळचं जेवायला वाढूनही मी त्याला अपवाद नाही. भावजी म्हणजे माझ्या यजमानांचे पाठचे भाऊ. भोरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात आणि आमच्याच वरच्या खोलीत राहतात. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, "निष्कर्ष काढण्याएवढी माहिती हाती नव्हती, वहिनी."  सकाळी मोटारसायकलवरून कॉलेजला जातात आणि डोक्यात काही चालू असलं की संध्याकाळी चालत घरी येतात. दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी दिसत नाही म्हणून यांना विचारतात, "दादा, गाडी तू नेलीस का?" हे बिचारे दर वेळी खिसे चाचपून बघतात. पाऊस येईल का, असं भावजींना विचारू नये. हो किंवा नाही हे शब्द त्यांच्या तोंडून येतच नाहीत. "यायला हरकत नाही," असं म्हणतात, आणि आपण छत्री हातात घेऊन दारात उभे राहतो.

पण त्यांची खरी खोड म्हणजे परवानगी. कुणाचीही वस्तू, कुणाचाही शब्द ते विचारल्याशिवाय पुढे देत नाहीत. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी सूर्योदयाचा फोटो टाकला की भावजी विचारतात, "हा काढला कोणी? पुढे पाठवलेला त्यांना चालेल का?" त्यामुळे त्या ग्रुपवर आता सूर्य उगवायचा थांबला आहे. एकदा त्यांच्या कॉलेजातल्या बाईंना माझं आंब्याचं लोणचं आवडलं. भावजी कृती मागायला स्वयंपाकघरात आले ते थेट अटी घेऊनच. "वहिनी, नाव तुमचंच राहील. त्यांना कृतीत बदल करता येईल. पण बदललेली कृती त्यांनीही कुणी मागितली तर फुकटच द्यायची, अडवायची नाही. चालेल?" मी म्हटलं, "भावजी, मोहरी जास्त घाला म्हणावं, बाकी काय करायचं ते करा." ते म्हणाले, "म्हणजे संमती समजू?" मी परातीत पीठ मळत होते. मी हो म्हटलं. आपण कशाला हो म्हटलं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं, कारण याच अटींवर त्यांनी पुढे एक आख्खं पुस्तक लिहिलं.

त्याचं असं झालं. त्यांच्या वर्गात वेल्ह्याकडून दोन एसट्या बदलून येणारी मुलं असतात. डोंगरावरच्या वस्त्यांवरची, घरी शेळ्यामेंढ्या असलेली. चांगली पुस्तकं इंग्रजीत आणि महाग. ग्रंथालयातलं एकच पुस्तक मुलं हातोहात फिरवायची आणि पानांचे मोबाईलवर फोटो काढायची. त्या फोटोंत अर्धं पान आणि अर्धा अंगठा. "वहिनी, पोरं अंगठ्याखालचा भाग सोडून अभ्यास करतात," असं भावजी जेवताना सांगायचे. मग त्यांना इंटरनेटवर एक परदेशी पाठ्यपुस्तक सापडलं. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं की हे घ्या, छापा, बदला, भाषांतर करा, पैसे नकोत, फक्त मूळ लेखकाचं नाव ठेवा आणि तुमचंही असंच मोकळं ठेवा. भावजींचा विश्वास बसेना. त्यांनी लेखकाला परवानगी मागणारी मेल पाठवली. उत्तर आलं, परवानगी पहिल्या पानावर आहे. भावजींनी पुन्हा विचारलं, की ती परवानगी मला लागू आहे का? लेखकाने बहुधा कपाळावर हात मारून घेतला असेल, पण हो कळवलं.

मग भावजी मराठीत लिहायला बसले. मी शाळेत मराठी शिकवलेलं, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि ऱ्हस्व-दीर्घ सोडून मला त्यातलं काहीही कळलं नाही. 'माध्य' आणि 'मध्यक' हे वेगळे आहेत की मुद्रणदोष आहे, यावर मी आणि भावजींनी एक आख्खी दुपार घालवली. तेवढं एक मात्र कळलं, की परदेशी पुस्तकातला बर्फ, पिझ्झा आणि बेसबॉल भावजींनी काढून टाकला होता आणि सगळीकडे आमच्या सासूबाई बसवल्या होत्या. सोनाबाईंच्या कोंबड्यांनी आठवड्यात दिलेली अंडी, त्यांची सरासरी. सोनाबाईंच्या गावच्या, मार्गासनीच्या खाचरांत आलेलं इंद्रायणी भाताचं पीक. सोनाबाई फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या आहेत, तर गाडी वेळेवर येण्याची संभाव्यता काढा. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.  मी फक्त एके ठिकाणी 'सोनाबाइ' असं ऱ्हस्व पडलं होतं, ते दीर्घ केलं.

पुस्तक तयार झालं आणि खरा गोंधळ सुरू झाला. लिहिताना झाला नव्हता एवढा त्रास भावजींना ते फुकट देताना झाला. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "सर, म्या छापून ठेवू का थोडी?" भावजी म्हणाले, "ठेवा की. विका सुद्धा." तो इतका घाबरला की त्याने शटर अर्धं खाली ओढलं. "न्हाई सर, नको. उद्या कोन आलं म्हंजी? मला हितं धंदा करायचाय." भावजी त्याला परवान्याचं पान वाचून दाखवू लागले, तसा तो आणखीच घाबरला. आंबवड्याच्या देवळात हे दर्शनाला गेले, तर तिथे एकाने यांना बाजूला घेऊन विचारलं, "सर उभं ऱ्हानार व्हय यंदा? पुस्तकं वाटत्यात म्हनं." हे घरी येऊन भावजींवर चिडले. "तुला सांगतो, थोडी तरी किंमत लाव. फुकट म्हटलं की लोकांना वाटतं मागे काहीतरी आहे." भावजी शांतपणे म्हणाले, "आहे ना. मागे परिशिष्ट आहे."

हळूहळू मुलांनी ते घेतलं. आधी मोबाईलवर, मग झेरॉक्सवाल्याचा धीर चेपला तसं कागदावर. कुणी पाठ विचारला की भावजी एकच वाक्य बोलायचे, "वाचा, वाटा, पटलं नाही तर बदला." हे ते इतक्या आनंदाने बोलायचे, की खरंच कुणी बदललं तर काय, हा विचार आमच्यापैकी कुणाच्याच मनात आला नाही. त्यांच्याही नाही.

तो प्रसंग श्रावणात आला. भावजी संध्याकाळी घरी आले, चपला घालूनच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "वहिनी, आईला काढलं." मला आधी काही समजलंच नाही. मग बघितलं. चंद्रपूरकडच्या एका कॉलेजातल्या बाईंनी भावजींचं पुस्तक घेऊन त्यांच्या मुलांसाठी नवी आवृत्ती केली होती. पहिल्या पानावर मूळ लेखक म्हणून भावजींचं नाव ठसठशीत. खाली, बदल कुणी केले ते, फोन नंबरासकट. सगळं नियमाला धरून. पण आत कोंबड्या नव्हत्या, खाचरं नव्हती, आमचा फाटा नव्हता. आणि सोनाबाईंच्या जागी सगळीकडे कुणी तुळसाबाई होती. ती मोहाची फुलं वेचत होती.

"भावजी, पण तुम्हीच म्हणता ना, बदला म्हणून?"

"व्हय, म्हनलो. म्याच म्हनलो." भावजी अस्वस्थ झाले की त्यांची भाषा मार्गासनीला जाते. "पन त्यांनी पिझ्झा न्हाई काढला, वहिनी. आईला काढलं."

हे म्हणाले, केस कर. भावजी म्हणाले, केस कुणावर, परवानगी मीच दिलीय. हे म्हणाले, मग परवानगी मागे घे. भावजी म्हणाले, ती मागे घेता येत नाही, तीच तर तिच्यातली चांगली गोष्ट आहे. एवढं बोलून त्यांचे डोळे भरून आले. आता रागवावं, रडावं की अभिनंदन करावं, हे आमच्या घरात कुणालाच कळेना. दोन दिवस भावजी जेवायला बसायचे आणि भाताकडे बघत राहायचे. त्या बाईंना मेल लिहायचे, पुसायचे. एक मेल मी चोरून वाचली. सुरुवात 'हार्दिक अभिनंदन' अशी होती आणि शेवट 'हे तुम्ही का केलंत' असा.

शेवटी मीच त्या पहिल्या पानावरचा नंबर लावला, मोबाईल स्पीकरवर टाकला आणि भाजीच्या टोपल्याशेजारी ठेवून दिला. पलीकडून बाईंचा आवाज आला. भावजींचं नाव ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्या बोलताना अडखळू लागल्या. सर, मुलं पहिल्यांदा न घाबरता गणितं सोडवतायत, सर, तुम्हाला कळवायचं होतं पण धीर होत नव्हता. भावजी ताठ बसले होते. मौखिक परीक्षेत विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुळसाबाई कोण?"

 बाई हळूच म्हणाल्या, "माझी आई, सर. पुस्तकात सगळं चुकतं, गाडी चुकते, पाऊस चुकतो, पण सोनाबाई प्रत्येक पानावर हजर असतात. मला वाटलं, त्या तुमच्या आईच असणार. मग मी विचार केला, ही जागा आईचीच आहे, तर आपणही आपल्या आईला बसवावं. माझं चुकलं का, सर?"

 मीच म्हटलं, "नाही हो, काही चुकलं नाही." तेवढ्यात पलीकडे काहीतरी खुडबूड झाली आणि एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "थे पुस्तकवाले सर हायत का? मी तुळसाबाई बोलून रायली. मले तं वाचता येत नाई, पोरगी वाचून दाखोते. त्यात लिवलं हाय का बुधवारी मी काईच येचलं नाई म्हून. मी घरी कायले बसन जी? लोक का म्हनतील?"

पलीकडे लेक हसत होती, "अगं आई, ते उदाहरण आहे." म्हातारी ऐकायला तयार नव्हती. आणि आमचे भावजी, ज्यांना हो किंवा नाही म्हणता येत नाही, ते पदवीधर गृहस्थ मोबाईलवर वाकून म्हणाले, "हो आई. दुरुस्त करायला सांगतो." आपण काय म्हणालो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र कोथिंबीर निवडण्यात जरा जास्तच लक्ष घातलं.

दिवाळीच्या सुट्टीत भावजी चंद्रपूरला जाऊन आले. जाताना इंद्रायणी तांदळाची पिशवी नेली. इतक्या लांब कशाला जाता, असं मी विचारलं, तर त्यांनाही नीट सांगता आलं नाही. परत आले त्या दिवशी हे घरी नव्हते. भावजी हातपाय धुऊन पाटावर बसले. मी वाढता वाढता विचारलं, "काय बोललात मग तिथे?"

"काहीच नाही, वहिनी. मी दारात उभा राहिलो, तर तुळसाबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, लय वाळला रे बाबू तू."  मग भावजी एखादं न सुटणारं गणित समोर ठेवावं तसे म्हणाले, "मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला याआधी कधी पाहिलंच नाही. तुलना कशाशी करताय? तर म्हणाल्या, पायलं नाई म्हून का झालं?"

मी भात वाढला. भावजी ताटाकडे बघत होते.

"आणि वहिनी, मी वाळलोय. आई गेल्यापासून कुणी सांगितलंच नव्हतं."

मी त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही.