मिराबाईच्या पेवातला देव

मिराबाईच्या अंगणात गाडी कुठे उभी करावी हे सांगायला माणसं होती, पण मी ऐकणारा नव्हतो. निवृत्तीनंतर घेतलेली ही जुनी चारचाकी मी सहा महिन्यांपासून चालवतो. बायको त्याला चालवणं म्हणत नाही, तो भाग वेगळा. बाभळीची सावली मिळावी म्हणून मी गाडी जरा मागे घेतली आणि मागचं उजवं चाक जमिनीत गेलं. रुतलं नाही, गेलं. खालून लाकूड मोडल्याचा आवाज आला, गाडी कमरेत वाकली आणि शेजारच्या सीटवरचा पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर पालथा झाला.

पेढे दिपासाठी होते. दिपा ही मिराबाईची नात. पोलीस भरतीच्या यादीत तिचं नाव आलं होतं. आता राहिली होती ती फक्त चारित्र्य पडताळणी. ठाण्यातून माणूस घरी येतो, शेजारीपाजारी विचारपूस करतो, वावगं काही नाही असं लिहून नेतो आणि मग नेमणुकीचं पत्र निघतं. तो माणूस त्याच दुपारी यायचा होता. जमादार प्रमोद, माझाच जुना विद्यार्थी. ‘सर, जेवून निघतो’ असा त्याचा फोन मला वाटेतच आला होता. आपण आधी पोचून घरच्यांना धीर द्यावा, असा माझा बेत. तो मी असा दिला.

औंढ्याच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला हा तांडा. इथल्या शाळेत मी अकरा वर्षं होतो, त्यामुळे माझ्या मूर्खपणाला इथे कोणी हसत नाही, सवय आहे. दोघा शेजाऱ्यांनी मुकाट्यानं पहार घालून चाक उचललं, गाडी पुढे ढकलली. मागे उरलं एक काळं भोक.

“पेव हाय,” मिराबाई म्हणाली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, पण कमरेत ताठ. “तुमाला म्हनलं व्हतं, तिकडं लावू नका.”

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. मुरमात खोल खणायचं, तोंड अरुंद, पोट मोठं. आत कडब्याचं अस्तर लावून ज्वारी भरायची, तोंडावर फळ्या आणि वर माती. चांगल्या मुरमातल्या पेवात दाणा चार चार वर्षं कोरडा राहायचा. आता पेवात ज्वारी कोणी ठेवत नाही. आता ज्वारीच कोणी पेरत नाही.

दिपा आत उतरायला निघाली तसा मिराबाईनं तिचा दंड धरला. “आधी कंदील सोड. पेवातली हवा मानूस मारती.”

कंदील खाली जाऊन जळत राहिला, मग दिपा उतरली. वर आली ती हातात एक गाठोडं घेऊन. चांगलं चार-साडेचार फूट लांब, मेणकापडात गुंडाळलेलं, सुतळीनं आवळलेलं. मी ते लगेच ओळखलं आणि सवयीनं हात जोडले.

“अगं, हा तर देव.”

“हो ना,” दिपा म्हणाली. “पणज्याचा देव. पण हा पेवात कसा काय? मला वाटायचं आत मडघरात, अंधाऱ्या खोलीत असतो.”

हा देव दरवर्षी वैशाखात बाजेवर उन्हाला पडायचा. दिवसभर ऊन खायचा, संध्याकाळी मिराबाई त्याला नवं कापड चढवायची, वितळलेलं मेण लावायची आणि मग तो दिसेनासा व्हायचा. शाळेची पोरं त्याला नमस्कार करून परीक्षेला जायची. भरतीच्या मैदानी चाचणीआधी दिपानं त्याला नारळ फोडला होता. माझी सेनगावला बदली निघाली तेव्हा मीही त्याच्यापुढे डोकं टेकलं होतं. बदली रद्द झाली, म्हणून पुढची अनेक वर्षं माझी त्याच्यावर श्रद्धा होती.

“देव न्हाई गुरुजी,” मिराबाई म्हणाली. “सासऱ्याची बंदूक हाय ती.”

मी बाजेवर बसलो. बाज तिथे नव्हती, त्यामुळे जमिनीवर बसलो. दिपाच्या हातात गाठोडं तसंच होतं, चेहरा मात्र चुन्यासारखा झाला होता. शेजारी आपली पहार पुसत होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी त्यांतल्या एकाला, जळबाला, विचारलं.

“सगळ्यालाच ठाव हाय की, शेजारच्या गावातबी. लेकराला देव सांगायचं, मोठ्याला बंदूक.”

“आणि मला?”

“तुमी लेकरातच ऱ्हायचे न गुरुजी.”

मग मिराबाईनं सांगितलं. सासरा प्रेमदास. ठासणीची बंदूक त्याच्या बापापासून चालत आलेली, बैलांच्या राखणीसाठी. निजामाचं राज्य गेलं त्या साली हत्यारं जमा करायची दवंडी तांड्यात आली, आणि प्रेमदासनं रातोरात बंदूक बांधून पेवात टाकली. राज्यं येतात-जातात, बंदूक परत मिळत नाही, असा त्याचा हिशेब. त्यानं बायकोला बजावलं, वरचं कापड दरसाल बदल, आतलं सोडू नको, दमट लागू देऊ नको. बायकोनं ते सुनेला बजावलं. सून म्हणजे मिराबाई. तिच्या सत्ताविसाव्या वर्षी नवरा प्रेमसिंग तापानं गेला, पदरात चार वर्षांचा ओमप्रकाश. दोन वर्षांनी सासूही गेली. गाठोडं तेवढं मागे राहिलं.

“परवाना?” मी विचारलं.

“त्यो काय असतो?”

“दादी,” दिपा म्हणाली, “शस्त्र अधिनियम, कलम पंचवीस. मी पाठ केलंय. विनापरवाना बंदूक बाळगली तर तुरुंग आहे. आणि तू तिला दरवर्षी अंगणात उन्हाला घालत होतीस.”

“मंग काय अंधारात वाळती काय?”

मी घड्याळ पाहिलं. प्रमोद जेवून निघाला असणार. माझ्या डोक्यात एक योजना आली आणि ती मला त्या वेळी फार चांगली वाटली. गाठोडं आत टाकायचं, गाडी पुन्हा त्या भोकावर नेऊन बसवायची आणि इंजिन बंद पडलं म्हणून सांगायचं.

“गुरुजी, ऐकून तर घ्या,” मिराबाई म्हणाली.

“मिराबाई, आता तुम्ही एक शब्द बोलू नका. जे बोलाल ते जबाबात जाईल.”

“आवं, पन त्याच्यात…”

“एक शब्दही नाही.”

ती गप्प बसली. अकरा वर्षं पोरांना गप्प बसवल्याचा हा असा उपयोग होतो.

दिपानं मात्र गाठोडं खाली ठेवलं नाही. “सर, वर्दी घालायच्या आधीच खोटं बोलायला लावता काय?”

“बाई गं, नोकरी जाईल.”

“दोन वर्षं झुंजूमुंजूला पळाले मी जवळा बाजारच्या रस्त्यानं. कुत्री लागली मागं, पाय मुरगाळला, तरी पळाले. जायची तर जाईल. पण सांगीन मीच.”

तिचा बाप ओमप्रकाश सोयाबीन घेऊन बाजाराला गेला होता. तो असता तर माझ्या बाजूनं बोलला असता, निदान रडला तरी असता. मी एकटा पडलो.

प्रमोदची मोटारसायकल आली. त्यानं हेल्मेट काढायच्या आत दिपा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “जमादार साहेब, आमच्या घरात बंदूक सापडली. पणज्याच्या काळची. परवाना नाही.”

प्रमोदनं हेल्मेट पुन्हा घातलं. मग काढलं. मग माझ्याकडे पाहिलं, जणू गणित मी घातलंय आणि उत्तर मलाच येत नाही.

“सर, मी पडताळणीला आलो होतो,” तो बारीक आवाजात म्हणाला. “छापा टाकायला आलो नव्हतो.”

पण माणूस कामाचा. दोघा शेजाऱ्यांना पंच केलं, बाज आणवली, सुतळी कापली. मेणकापडाचे थर सुटत गेले, वरचे मऊ, आतले पापडासारखे कडक. मग गोणपाट. मग पांढरा, दगडासारखा घट्ट लगदा. प्रमोदनं तो बोटानं खरवडला, जिभेला लावणार होता, दिपानं हात धरला.

“मीठ आहे,” ती म्हणाली.

लगद्याच्या मधोमध लाल-काळी लांब रेघ होती. प्रमोदनं दोन्ही हातांनी जपून उचलायला घेतलं तर एका टोकाला लाकडी दस्ता हातात आला आणि बाकीची बंदूक बाजेच्या दोऱ्यांतून खाली गळून गेली. पत्र्याच्या पापुद्र्यांसारखी, तांबड्या मातीसारखी. नळी नाही, चाप नाही, काही नाही.

माझ्या हळूहळू ध्यानात आलं. प्रेमदासच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं. लोणचं मिठानं टिकतं, कातडं मिठानं टिकतं, शपथ मिठाची घ्यायची. मग बंदुकीला जपायचं तर आणखी काय घालायचं? त्यानं घरातलं सगळ्यात भरवशाचं जे होतं त्यात तिला निजवली. मुरमाचं पेव ठणठणीत कोरडं, वर मेणकापड, दरसाल ऊन. बाहेरून ओल येऊ नये म्हणून तीन माणसांनी पाऊणशे वर्षं राखण केली, आणि ओल ओढून घेणारं मीठ आतच होतं, लोखंडाला बिलगून.

प्रमोदनं वरिष्ठांना फोन लावला, पुष्कळदा ‘हो साहेब’ म्हणाला, मग पंचनामा लिहिला. लाकडी दस्ता एक, गंजाचा भुगा आणि मीठ, वापरता येईल असं शस्त्र नाही, अर्जदार उमेदवारानं स्वतः होऊन कळवलं. ते शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचून दाखवलं. दिपानं सही केली. पडताळणीच्या कागदावर त्यानं ‘आक्षेप नाही’ लिहिलं आणि म्हणाला, “दिपाताई, लवकर रुजू व्हा. माझ्यानं असली कामं होत नाहीत.” भुगा पोत्यात बांधून, लाख लावून, तो मोटारसायकलवर घेऊन गेला.

ज्याला इतका वेळ कशाचंच नवल वाटलं नव्हतं तो जळबा आता पहार टेकून खाली बसला होता. “आन् आमी पन्नास वर्षं,” तो म्हणाला, “या अंगनात हाक मारल्याबगर पाय न्हाई टाकला.”

दिपा हसली आणि हसता हसता रडायला लागली, म्हणून जळबानं तिला आत पाणी प्यायला नेलं. मिराबाई बाजेखालचा उरलेला लाल भुगा खराट्यानं गोळा करत होती. तिच्या तोंडावर धक्क्याचा मागमूस नव्हता, आणि आता मला तिला बोलू द्यायला हरकत नव्हती.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“व्हय. तेच सांगू लागले व्हते तवा, तर तुमी गप्प बसविलं.”

“कधीपासून?”

“सासू गेली त्या उन्हाळ्यात सोडून बघितलं. तवाच मातेरं झाल्तं. तसंच बांधून ठिवलं.”

अठ्ठेचाळीस उन्हाळे. मी मनात मोजले. दर वर्षी नवं कापड, मेण, दिवसभर उन्हात राखण, आणि आत मातेरं.

“मग कशासाठी केलंत हे सगळं, मिराबाई?”

तिनं खराटा आपटून झाडला.

“दिवाळी झाली की सगळा तांडा ऊसतोडीला जायचा, आन् मी तरनी, लेकराला घिऊन एकटी मागं ऱ्हायचे.”